दारातला हत्ती आणि कडोदऱ्याची चौफुली

2002 च्या एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे सचिन तेंडुलकर यांनी कसोटीतले एकोणतिसावे शतक काढून सर डॉन ब्रॅडमन यांची बरोबरी केली, आणि त्याच वर्षी इंग्लंडात सिल्व्हरस्टोन येथे मायकेल शूमाखर यांच्या हस्ते त्यांना तांबडी फेरारी भेट मिळाली, हे आमच्या पुष्कळ वाचकांना स्मरत असेल. ती गाडी स्वदेशी आणताना आयातशुल्काचा जो वाद उद्भवला, तोही विस्मरणात गेलेला नसावा. सरकारने शुल्क माफ केले, प्रकरण न्यायालयात गेले, आणि अखेर एक कोटी रुपयांहून अधिक असलेली ती रक्कम भेट देणाऱ्या फियाट कंपनीनेच भरली. त्या गाडीचा पुढचा प्रवास मात्र फारसा कोणी ध्यानात ठेवला नाही. 2011 साली तेंडुलकरांनी ती विकली आणि सुरतेच्या एका व्यावसायिकाने ती घेतली. पुढच्याच वर्षी 'फेरारी की सवारी' या चित्रपटात ती झळकली. ज्या वाहनाकडे मुंबईच्या पोरांनी पालखीकडे पाहावे तसे पाहिले, ते व्यवहाराच्या भाषेत 'सेकंडहँड' झाले आणि तापीकाठी जाऊन राहिले.

या गोष्टीची आम्हांस पुन्हा आठवण झाली ती कडोदऱ्यास. सुरतेहून बारडोलीकडे जाणारा रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला जेथे छेदतो, ते हे गाव. जुन्या आठ क्रमांकाच्या महामार्गाला आता अठ्ठेचाळीस म्हणतात आणि जुन्या सहाला त्रेपन्न. पण नंबर बदलल्याने चौफुलीवरची गर्दी काही हटलेली नाही. सभोवती कापड रंगविण्याच्या आणि छापण्याच्या गिरण्या, लगतच चलथाणचा साखर कारखाना, पुढे बारडोलीपर्यंत उसाचे मळे. धुळे, नंदुरबार, जळगाव या भागांतून पोटासाठी निघालेली मराठी कुटुंबे याच रस्त्याने सुरतेकडे उतरली आणि त्यांतली काही वाटेतच स्थिरावली. आमचे एक जुने स्नेही, ज्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांतलेच. एका गिरणीच्या रंगखात्यात हेल्पर म्हणून लागलेला हा गृहस्थ तीस वर्षांत त्या खात्याचा प्रमुख झाला. मुलगी डॉक्टर झाली, मुलगा परदेशी गेला, घराचे कर्ज फिटले. आणि मग एके दिवशी नानांनी मुंबईहून जर्मन बनावटीची, दोन आसनांची, रुपेरी रंगाची, 2012 सालची स्पोर्ट्स कार आणून दारात उभी केली.

शोभेसाठी नव्हे, तर रोजच्या वापरासाठी. कडोदऱ्याहून सुरत पंधरा-सोळा किलोमीटर. आठवड्यातून पाच-सहा फेऱ्या नानांना रंगांच्या व्यापाऱ्यांकडे कराव्या लागतात. त्या याच गाडीने करायच्या, असा त्यांचा निश्चय.

प्रथमदर्शनी आम्हांस हसू आले, हे कबूल करतो. पेशवाईत श्रीमंतीची खूण सांगताना 'दारात हत्ती झुलतो' असे म्हणत. हत्तीच्या वैरणीचा हिशेब मात्र ज्याचा त्याला ठाऊक. नानांनी आमचे हसू ओळखले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, नवी साधी मोटार ज्या पैशांत येते, त्याच पैशांत ही आली. गेली तीस वर्षं मी दुसऱ्याच्या पसंतीचे रंग कालवतोय. एवढी एक गोष्ट माझ्या पसंतीची असू द्या." यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. मध्यमवर्गीय मराठी माणसाला हौस म्हटली की अपराधी वाटते. अंथरूण पाहून पाय पसरायला शिकवता शिकवता आपण पाय पसरायचेच विसरलो आहोत की काय, असेही मनात येऊन गेले.

शिवाय नानांचा हिशेब खरेदीपुरता चुकीचा नव्हता. विमा कंपन्यांच्या कोष्टकाप्रमाणे साधी मोटारसुद्धा पाचव्या वर्षाअखेर निम्म्या मोलाची धरली जाते. दोन आसनी गाडीला गिऱ्हाईक थोडे, कारण तिच्यात कुटुंब बसत नाही, सामान मावत नाही. त्यामुळे तिचा भाव त्याहून वेगाने कोसळतो. दहा-बारा वर्षांनी ती नोकरदाराच्या आवाक्यात येते. पण उतरते ती फक्त विक्रीची किंमत. तिच्या सुट्या भागांची, तेलाची, कारागिराच्या हाताची किंमत ती नवी होती तेव्हाचीच राहते, किंबहुना वाढते. नानांच्या गाडीची मागची चाके पुढच्या चाकांहून रुंद आहेत. त्यामुळे पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून झीज वाटून घेण्याची आपली नेहमीची युक्ती तेथे चालत नाही, आणि एका टायरच्या किमतीत साध्या मोटारीचे जवळजवळ चारही टायर येतात. तेंडुलकरांच्या त्या फेरारी 360 मोडेनाचे इंजिन 3.6 लिटरचे, आठ सिलिंडरचे, सुमारे 400 अश्वशक्तीचे. त्यातला वेळसाधक पट्टा गाडी धावो अथवा उभी राहो, ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो. न बदलता तुटला तर इंजिनाची वाट लागते. नुसती उभी असलेली गाडी खर्च मागत नाही, ही समजूत अशा वाहनांच्या बाबतीत खरी नाही. बॅटरी उतरते, टायर एका जागी दबतात, रबर कडक होते. या दृष्टीने ती रोज चालवावी हा नानांचा विचार आम्हांस शहाणपणाचाच वाटला.

आता रस्त्याकडे वळू. अशा गाडीचे पोट जमिनीपासून चार-साडेचार इंचांवर असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मध्यभागी 10 सेंटिमीटर उंच असा सावकाश चढणारा-उतरणारा असावा. तसा असेल तर कोणतीही गाडी त्यावरून बेताने जाते. आमच्याकडे मात्र गावोगावी ज्याला वाटेल तो डांबराचा उंचवटा घालतो; रुंदी हातभर आणि उंची वीतभर! नाना अशा उंचवट्यांवरून गाडी तिरकी काढतात. एक चाक आधी, दुसरे मागून. मागच्या ट्रकवाल्याला हा नखरा वाटतो आणि तो भोंगा वाजवीत राहतो. चौफुलीवर अर्धा अर्धा तास रेंगाळताना क्लच झिजतो, इंजिन तापते, आणि आजूबाजूच्या टेम्पोंची चाके नानांच्या डोळ्यांच्या पातळीवर येतात. मोकळ्या रस्त्यासाठी घडविलेल्या या यंत्राला मोकळा रस्ता लाभतो तो रविवारी पहाटे, पलसाण्याच्या बाजूला, तासभर.

इंधनाचेही तसेच. 2025 साली देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. ऊस उत्पादकाला त्याचा लाभ होतो, परकीय चलन वाचते, आणि बारडोलीच्या उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याने त्याविरुद्ध बोलणे शोभणार नाही. तथापि इथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते, आणि ज्या जुन्या गाड्यांच्या नळ्या व रबरी कड्या या मिश्रणासाठी बनविलेल्या नाहीत त्यांना ते बाधू शकते. 2012 सालची परदेशी गाडी घेणाऱ्याने इंधनाची नळी आणि पंप यांकडे बारकाईने पाहावे. महिनोन्महिने टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नये. उसाच्या मळ्याशेजारी राहून उसाचीच धास्ती बाळगावी लागावी, ही मौज नानांच्याही लक्षात आली होती.

आमच्या किनारपट्टीच्या वाचकांसाठी येथे थोडे विषयांतर. खाऱ्या वाऱ्यात राहिलेली गाडी वरून चकाकत असली तरी खालून पोखरलेली असू शकते. घेण्यापूर्वी ती उचलून तळ पाहावा. नुकताच काळा रंग फासलेला दिसला तर अधिकच संशय धरावा. पुराचे पाणी त्याहून वाईट. 2005 साली मुंबई बुडाली, 2006 साली तापीने सुरत बुडविली, 2021 साली चिपळूण बुडाले. प्रत्येक पुरानंतर न्हाऊन निघालेल्या गाड्या कोरड्या होऊन दूरच्या गावी विक्रीस जाण्याचा धोका असतो. स्पोर्ट्स कारची बैठक जमिनीलगत असल्यामुळे इतरांच्या चाकांना पाणी लागते तेव्हा हिच्या आसनांना लागते. आसन सरकविण्याच्या रुळांत गाळ, पट्टा पूर्ण ओढला असता त्याच्या टोकाशी ओलीची रेघ, गालिचाखाली कुबट वास, या खुणा कोणत्याही पॉलिशने जात नाहीत. गंमत अशी की आपल्या किनाऱ्याला योग्य अशी गाडी एकेकाळी किनाऱ्यावरच बनत होती. 1998 साली गोव्यात 'सॅन स्टॉर्म' ही दोन आसनी गाडी निघाली. अंग फायबरचे, म्हणून गंजण्याची भीती नाही. इंजिन फ्रान्सच्या रेनॉ कंपनीचे, 1149 सीसीचे, साठ अश्वशक्तीचे. वेगात ती कोणालाच हरवू शकली नसती, पण सुतारकाम-लोहारकामाची जाण असलेल्या कोकणी माणसाला ती समजली असती. अलिबागजवळ 'चिंकारा' नावाची उघडी रोडस्टरही तयार होत असे. अशा गाड्या आता क्वचित विक्रीस येतात आणि हौशी लोक त्या हुडकत असतात.

असो. हे सारे यंत्राचे झाले. नानांवर जो प्रसंग आला, तो यंत्राने आणलेला नव्हता.

गाडी घेऊन आठ महिने झाले होते. विक्रेते मुंबईतले एक वृद्ध, निवृत्त शल्यचिकित्सक, व्यवहार दलालामार्फत. पैसे पोचले, किल्ली आली, सह्या केलेले कोरे फॉर्म आले. 'नावावर करण्याचे नंतर पाहू' असे दलाल म्हणाला. महाराष्ट्राची गाडी गुजरातेत न्यायची तर नव्या ठिकाणी कर भरावा लागणार, ना हरकत दाखला आणावा लागणार, आर.टी.ओ.त खेटे घालावे लागणार. नानांनीही 'दिवाळीनंतर' म्हटले. दिवाळी गेली, होळी आली.

एका संध्याकाळी पाळी सुटण्याच्या वेळेस नाना चौफुलीकडून घराकडे वळत होते. वेग म्हणाल तर चालत्या माणसाचा. अंधार पडत आलेला, पुढे बैलगाडीसारखा रेंगाळणारा टेम्पो, डावीकडून सायकलींची रांग. अशा गाडीत बसणारा माणूस इतका खाली असतो की सायकलस्वाराचे तोंड त्याला दिसत नाही, दिसतो तो गुडघा. एका ओडिया तरुणाच्या सायकलचे हँडल गाडीच्या पुढच्या कोपऱ्यात अडकले, तो पडला आणि त्याच्या गळपट्टीचे हाड मोडले. नानांनी त्याला त्याच गाडीत घालून इस्पितळात नेले. गाडीत दुसरी जागा एकच, आणि ती त्या दिवशी कामास आली.

पोलिसांनी कागद मागितले तेव्हा नाव निघाले मुंबईच्या त्या वृद्ध डॉक्टरांचे. रात्री साडेनऊ वाजता त्यांना दूरध्वनी गेला की तुमच्या गाडीने कडोदऱ्यास माणूस जखमी झाला. ऐंशीच्या घरातला तो माणूस कडोदरा कोठे आहे हेच जाणत नव्हता. "मी तर गाडी विकली," एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

विकली, हे खरे. पण कायद्याच्या दृष्टीने गाडीचे मालक तेच होते. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 50 प्रमाणे विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत विक्रीची वर्दी द्यायची असते. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर पंचेचाळीस दिवसांत ना हरकत दाखल्यासह. घेणाऱ्याने तीस दिवसांत आपल्या भागातील कार्यालयात कळवायचे असते. हे केले नाही तर काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या फेब्रुवारीत नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले. त्यात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती. नोंद मात्र पहिल्याच माणसाच्या नावे होती. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या नोंदलेल्या मालकावरच ठेवली. अपघातात सापडलेल्या माणसाने विक्रीच्या साखळीतली एकेक कडी शोधत हिंडावे, ही कायद्याची अपेक्षा नाही, असा त्यामागचा विचार. आम्हांस तो पूर्णपणे न्याय्य वाटतो. ज्याचे हाड मोडले त्याला आर.सी. पुस्तक वाचता येत नाही.

सुदैवाने डॉक्टरांनी काढलेल्या विम्याची मुदत संपायला बारा दिवस बाकी होते. कलम 157 अन्वये गाडीबरोबर तिचा विमाही तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरता नव्या मालकाकडे गेला असे मानले जाते. त्यामुळे त्या तरुणाच्या भरपाईचा मार्ग मोकळा राहिला. नानांच्या गाडीचा कोपरा फुटला होता, त्याचे मात्र काही मिळाले नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा हा कंपनी आणि विमाधारक यांच्यातला खासगी करार असतो, तो कंपनीच्या संमतीवाचून दुसऱ्याकडे जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कंप्लीट इन्सुलेशन्स प्रकरणात फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. हाच अपघात बारा दिवस उशिरा आणि विम्याचे नूतनीकरण न करता घडला असता तर? त्या वृद्ध डॉक्टरांच्या निवृत्तीच्या पुंजीकडे कायद्याचे बोट वळले असते, आणि ते पैसे निघेपर्यंत रोजंदारीवर राबणारा तो तरुण हात गळ्यात बांधून खोलीवर बसला असता.

येथे आमचे नानांशी मतभेद झाले. नाना म्हणत, चूक दलालाची. आम्ही म्हटले, दलालाने नंतर पाहू म्हटले आणि तुम्ही हो म्हटलेत. कारण नावावर करण्याचा खर्च होता, आणि त्या पैशांत मागचे दोन टायर आले. आमचे बोलणे त्यांना झोंबले असावे, कारण बराच वेळ ते काही बोलले नाहीत. आम्ही त्यांना हेही सांगितले की आपल्याकडे हा दोष एकट्या नानांचा नाही. मुंबईच्या रस्त्यांवर दमण वा पुदुच्चेरीची पाटी मिरविणाऱ्या महागड्या गाड्या कोणी पाहिल्या नाहीत? कर वाचविण्यासाठी ज्याने कोट्यवधींची गाडी परप्रांतीय पत्त्यावर नोंदविली, त्याच्यापुढे नानांचा आळस किरकोळ ठरेल. परंतु किरकोळ म्हणून तो त्या रात्री डॉक्टरांना वा त्या सायकलस्वाराला हलका पडला नाही.

दलालांच्या बाबतीत एक बरा बदल झाला आहे, तो वाचकांना माहीत असावा. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने केलेले नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. त्यांप्रमाणे अधिकृत नोंदणी झालेल्या विक्रेत्याकडे गाडी सोपविली आणि तशी वर्दी परिवहन कार्यालयास दिली की पुढचा खरेदीदार मिळेपर्यंत तो विक्रेताच मालक मानला जातो. मधल्या काळात गाडीने काही केले तर तो उत्तरदायी. अडचण एवढीच की हौशी गाड्यांचा बाजार बव्हंशी ओळखीपाळखीवर चालतो. अमक्याने तमक्याला सांगितले, रात्री गाडी पाहिली, सकाळी पैसे दिले. तेथे अधिकृत नोंदणीची पाटी विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे असे मानतात. आमच्या मते ती खुशाल विचारावी. आणि विकणारा जर भला गृहस्थ असेल तर त्याने स्वतःच नाव बदलल्याची प्रत मागून घ्यावी, मिळेपर्यंत दर आठवड्यास तगादा लावावा.

नानांनी त्यानंतर जे केले ते सांगून आटोपते घेतो. मुंबईस जाऊन ते त्या डॉक्टरांच्या घरी गेले, त्यांना घेऊन दाखल्याचा अर्ज केला. दोन खेपा झाल्या. महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या उरलेल्या भागाचा परतावा मागता येतो, तो अर्जही डॉक्टरांच्या सहीने दिला. पैसे यायचे आहेत. गुजरातेत कर भरला. एका राज्यातली गाडी दुसरीकडे बारा महिन्यांहून अधिक ठेवायची तर नवा क्रमांक घ्यावाच लागतो, तो घेतला. विमा आपल्या नावे केला. आधीच्या मालकाने दावा न केल्याबद्दलची सवलत मालकाबरोबर जाते, गाडीबरोबर येत नाही, हे त्यांना हप्ता भरताना कळले. सगळे मिळून जो आकडा झाला तो त्यांनी आम्हांस सांगितला नाही. एवढेच म्हणाले, की आता ही गाडी नव्या साध्या मोटारीच्या भावात आली असे कोणाला सांगत नाही.

तो तरुण दोन महिन्यांनी कामावर रुजू झाला. मधल्या काळातली त्याची मजुरी नानांनी दर शनिवारी खोलीवर नेऊन दिली. ठेकेदाराने दिली नव्हती. विम्याच्या भरपाईचा दावा न्यायाधिकरणापुढे आहे.

गाडी अजून रोज सुरतेस जाते. पाळी सुटण्याच्या वेळेस मात्र नाना तिला चौफुलीकडे नेत नाहीत, गिरणीच्या आवारात अर्धा तास थांबतात. पुढचा फुटलेला कोपरा तसाच आहे. तो भाग नवा घ्यायचा तर जर्मनीहून येणार; म्हणून त्यांनी कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात सांगून ठेवले आहे, आणि रंग काही झाले तरी आपल्या हातानेच जुळवायचा, असा त्यांचा हट्ट आहे.